अंतर चारशे किलोमीटर, वेळ सव्वा तास: विमानाचा भागाकार जमत का नाही?

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून नियमित प्रवासी विमान चालतं. अंतर साधारण २.७ किलोमीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या विमानतळाच्या धावपट्टीएवढंच. वेळापत्रकात या उड्डाणाला २ मिनिटं दिलेली आहेत. वारा मनासारखा असेल तर ते मिनिटभराच्या आतही उरकतं. विक्रम ५३ सेकंदांचा आहे. जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण म्हणून ते ओळखलं जातं.

आता भागाकार करून बघा. २.७ किलोमीटर २ मिनिटांत, म्हणजे ताशी ८१ किलोमीटर. बरा रस्ता मिळाला तर मोटारगाडी याहून जोरात जाते. या मार्गावरचं आयलंडर जातीचं छोटं विमान एकदा हवेत स्थिरावलं की ताशी दोनशेच्या वर सहज जातं. पण इथे त्याला स्थिरावायला सवडच मिळत नाही. वर चढतंय न चढतंय तोच उतरायची वेळ!

हे टोकाचं उदाहरण झालं, पण छोट्या विमानतळांमधल्या प्रत्येक उड्डाणाचं थोड्याफार फरकाने हेच होतं. इंटरनेटवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर येतं आणि त्याखाली 'उड्डाणाचा वेळ' म्हणून एक आकडा येतो. तिकिटावर दुसराच असतो. प्रत्यक्षात लागतो तो तिसरा. लोकांना वाटतं, यातला कुणीतरी खोटं बोलतोय. तसं नसतं. तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजत असतात. अंतर हा भूमितीचा प्रश्न आहे आणि तो केव्हाच सुटलेला आहे. वेळ हा रहदारीचा आणि हवामानाचा प्रश्न आहे, आणि तो रोज नव्याने सोडवावा लागतो.

आधी अंतर, कारण ते सोपं आहे

विमानतळ हा काही ठिपका नाही. दोन-तीन किलोमीटरची धावपट्टी, टर्मिनल, विमानं उभी करायची जागा, असा तो पसारा असतो. मग अंतर मोजायचं कुठून? त्यासाठी प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो, साधारणपणे धावपट्ट्यांच्या मध्याजवळचा. त्याचे अक्षांश-रेखांश अधिकृतपणे नोंदलेले असतात. अंतर मोजायचं ते या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत.

हे गणित घरी करता येतं. हेलसिंकीचा विमानतळ घ्या: ६०.३२ अंश उत्तर, २४.९६ अंश पूर्व. स्टॉकहोमचा आर्लांडा विमानतळ: ५९.६५ अंश उत्तर, १७.९२ अंश पूर्व. अक्षांशांतला फरक ०.६७ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा दक्षिणोत्तर अंतर झालं ७४ किलोमीटर. रेखांशांतला फरक ७.०४ अंश. रेखांशाचा अंश मात्र सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरचा असतो, ध्रुवाकडे जाताना रेखावृत्तं जवळ येत जातात आणि ६० अंशांवर तो बरोबर निम्मा, साडेपंचावन्न किलोमीटरचा होतो. म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर ३९१ किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस लावा: ७४ चा वर्ग अधिक ३९१ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ३९८. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे वगैरे सगळं धरून संगणकाने काढलेलं उत्तरही ४०० च्या अगदी जवळ येतं. कागद-पेन्सिलीने दोन किलोमीटरच्या आत पोचलो की!

इथे कुणीतरी हमखास 'ग्रेट सर्कल'चा मुद्दा काढतो. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता सपाट नकाशावर वाकडा दिसतो, हे खरंच आहे. लांबच्या प्रवासात त्याने फार मोठा फरक पडतो. ६० अंश अक्षांशावरची दोन ठिकाणं ९० अंश रेखांशांनी दूर असतील, तर अक्षवृत्ताला चिकटून गेल्यास ५००० किलोमीटर पडतात आणि वरून वळसा घेतल्यासारख्या दिसणाऱ्या ग्रेट सर्कलने ४६०० च. चारशे किलोमीटरची बचत. पण तीच दोन ठिकाणं १० अंशांनी दूर असली, तर ५५६ किलोमीटरमध्ये फरक पडतो जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा. छोट्या उड्डाणांच्या बाबतीत ग्रेट सर्कलची चर्चा म्हणजे निव्वळ हौस.

उंचीचंही तसंच. 'विमान वर चढतं, म्हणजे अंतर वाढत असेल ना?' वाढतं, पण किती? ८० किलोमीटर पुढे जाताना ५ किलोमीटर वर चढलं, तर तिरकी रेघ ८० किलोमीटर आणि सुमारे दीडशे मीटर भरते. विसरून जा.

खरा घोटाळा होतो तो एककांचा. विमानवाले किलोमीटरमध्ये बोलत नाहीत, सागरी मैलांत बोलतात. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. मुळात अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. वेगाचं एकक नॉट, म्हणजे ताशी एक सागरी मैल. जमिनीवरचा मैल वेगळा, १६०९ मीटरचा. त्यामुळे तेच ४०० किलोमीटर एका ठिकाणी २१६ दिसतात, दुसरीकडे २४९, आणि बघणारा चक्रावतो. विमानाचा माग दाखवणाऱ्या अॅपवर वेग २७० दिसला आणि तुम्हाला 'एवढंच?' असं वाटलं, तर ते नॉट आहेत. किलोमीटरमध्ये पाचशे होतात.

आणखी एक फसगत नावांची. शहरांमधलं अंतर आणि विमानतळांमधलं अंतर या दोन गोष्टी आहेत. जर्मनीतला फ्रँकफुर्ट-हान विमानतळ फ्रँकफुर्ट शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. नावावर भरवसा ठेवून अंतर काढलं, तर एका बाजूलाच शंभरावर किलोमीटरची चूक. म्हणून शोधताना शहराचं नाव न टाकता विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाकावा.

सरळ रेषेत कोण उडतं?

कुणीच नाही, असंच म्हणायला हवं. ४०० किलोमीटर हे कावळ्याचं, म्हणजे नाकासमोर सरळ उडण्याचं अंतर. विमानाला धावपट्टी ज्या दिशेला असेल त्या दिशेनेच उडावं लागतं, आणि शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन. धावपट्टीच्या टोकाला रंगवलेले आकडे हीच दिशा सांगतात: २७ म्हणजे होकायंत्रावर सुमारे २७० अंश, पश्चिम. तीच धावपट्टी उलट बाजूने वापरली की ०९, पूर्व. तुम्हाला जायचंय पूर्वेला आणि वारा आहे पश्चिमेचा, तर विमान आधी पश्चिमेला उडणार आणि मग वळून मागे येणार. दुसऱ्या टोकाला हाच प्रकार उलट क्रमाने. तिथेही वाऱ्याला तोंड करूनच उतरायचं, म्हणजे विमानतळ खिडकीतून डोळ्यांसमोर दिसत असताना त्याला ओलांडून पुढे जायचं आणि फिरून परत यायचं. नवख्या प्रवाशाला वाटतं, पायलट रस्ता चुकला.

मधल्या टप्प्यात आखलेले हवाई मार्ग असतात. त्यांवर ठरावीक बिंदू असतात, त्यांना पाच अक्षरांची, उच्चारता येतील अशी पण बहुधा निरर्थक नावं दिलेली असतात, आणि विमान एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जातं. लष्करी हद्द आली की वळसा. वादळी ढग आले की वळसा. कधी अख्खा देशच टाळावा लागतो: २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द बंद झाली आणि हेलसिंकी ते टोकियो हे साधारण साडेनऊ तासांचं उड्डाण तेरा तासांच्या घरात गेलं. दोन्ही विमानतळ जागचे हलले नाहीत, नकाशावरचं अंतरही तेच राहिलं.

चारशे किलोमीटरच्या फेरीत असलं महाभारत घडत नाही. तिथे वळणावळणांनी दहा-पंधरा किलोमीटर वाढतात, कधी पंचवीस.

आता वेळ

आधी विमान कुठलं ते ठरवू. छोट्या विमानतळांवर बरेचदा टर्बोप्रॉप दिसतं, म्हणजे पंख्याचं विमान. एटीआर ७२ हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं, साधारण ७० प्रवाशांचं. पंखा बघून काहींना ते जुनाट वाटतं, पण त्या पंख्यामागे जेटसारखंच टर्बाइन असतं. कमी अंतराला ते इंधन कमी खातं आणि त्याला तेराशे-चौदाशे मीटरची धावपट्टी पुरते. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. एअरबस ए-३२० सारखं जेट ताशी ८३० च्या आसपास जातं.

भागाकार केला तर ४०० किलोमीटरला एटीआरला ४८ मिनिटं लागायला हवीत. आता प्रत्यक्ष टप्पे मांडून बघू. आकडे अंदाजाचे आहेत, पण ताळेबंद खऱ्यासारखाच आहे.

दार बंद झालं, विमान जागेवरून हललं. धावपट्टीपर्यंत सरपटत जायला, ज्याला टॅक्सी म्हणतात, ६ मिनिटं. चाकं सुटली. चढताना विमान पूर्ण वेगात नसतं. इंजिनाची बरीच ताकद उंची मिळवण्यात जाते. १७,००० फुटांवर पोचायला १४ मिनिटं, तेवढ्यात कापलं अंतर सुमारे ८० किलोमीटर. म्हणजे सरासरी ताशी ३४० च.

उतरणं कधी सुरू करायचं, यासाठी पायलटांचा एक सोपा आडाखा आहे: हजार फुटांना तीन सागरी मैल. १७,००० फूट उतरायचे तर ५१ सागरी मैल, म्हणजे ९४ किलोमीटर आधीच सुरुवात. त्याला १५ मिनिटं. वळणं धरून एकूण रस्ता ४१५ किलोमीटरचा मानला, तर पूर्ण वेगाने कापायला उरतात २४१ किलोमीटर. ताशी ५०० ने २९ मिनिटं. धावपट्टीच्या रांगेत येण्यासाठीचं शेवटचं फिरणं, फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, सोडून हळू होणं, चाकं बाहेर काढणं, याला आणखी ४ मिनिटं. उतरल्यावर टर्मिनलपर्यंत सरपटायला ५.

बेरीज करा: ६, १४, २९, १५, ४, ५. त्र्याहत्तर मिनिटं. वेळापत्रकात ते एक तास पंधरा मिनिटं म्हणून छापलं जाईल. त्यातली पूर्ण वेगाची मिनिटं फक्त २९, निम्म्याहूनही कमी.

हाच हिशेब जेटसाठी केला तर गंमत दिसते. जेटला वर जायला आवडतं. ३५,००० फुटांवर हवा विरळ असते आणि इंधन वाचतं. पण तिथून उतरायला तीनच्या आडाख्याने १०५ सागरी मैल लागतात, म्हणजे १९४ किलोमीटर. चढायलाही जवळपास तेवढेच. चारशे किलोमीटरच्या प्रवासात ते ३५,००० फुटांवर पोचून लगेच खाली मान घालेल. म्हणून ते मधल्याच कुठल्यातरी उंचीवर थांबतं. शिवाय पुष्कळ देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची वेगमर्यादा असते, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. ती जेटलाच जास्त जाचते. सगळं धरून जेटला ५५ मिनिटांच्या आसपास लागतात. कागदावर वेग पासष्ट टक्क्यांनी जास्त, प्रत्यक्षात वेळ वाचला पाव हिस्सा. अंतर दीडशे किलोमीटरवर आणलं तर हा फायदाही आटत जातो.

यातून एक कामचलाऊ सूत्र निघतं, आणि माझ्या मते बहुतेकांना तेवढं पुरावं: अंतर भागिले विमानाचा वेग, अधिक २५ ते ३० मिनिटं. ही जादाची मिनिटं अंतरावर अवलंबून नसतात. दोनशे किलोमीटर असोत की दोन हजार, चढणं, उतरणं आणि सरपटणं हा खर्च ठरलेला. मोठ्या प्रवासात तो दिसत नाही, छोट्या प्रवासात तोच मुख्य होऊन बसतो. अंतरं दाखवणाऱ्या बऱ्याच साइटी असलंच सूत्र वापरतात, पण वेग सर्रास जेटचा धरतात. मार्गावर पंख्याचं विमान असेल तर ४०० किलोमीटरला त्यांचं उत्तर पंधरावीस मिनिटांनी कमी येतं. काही साइटी जादाची मिनिटं धरतच नाहीत. 'उड्डाणाचा वेळ २९ मिनिटं' असं काही दिसलं की समजावं, नुसता भागाकार केलाय.

मला स्वतःला खिडकीशी बसून घड्याळ लावायची खोड आहे. विमान हललं की एकदा, चाकं सुटली की दुसऱ्यांदा, टेकली की तिसऱ्यांदा. एकदा पाऊण तासाच्या प्रवासात विमान हलल्यापासून चाकं सुटेपर्यंत एकोणीस मिनिटं गेली. पुढे रांगेत चार विमानं, त्यात एक उतरणारं मध्येच. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "एवढ्यात निम्म्यात पोचलो असतो." हिशेबाने ते अगदी बरोबर होते.

वारा हिशेब बिघडवतो, तोही एकाच बाजूला

जाताना वारा पाठीशी असेल तर येताना समोरून येईल, तेव्हा फिटंफाट होईल, असं वाटतं. होत नाही. ६०० किलोमीटर अंतर, विमानाचा हवेतला वेग ताशी ५००. वारा नसेल तर जायला ७२ आणि यायला ७२, एकूण १४४ मिनिटं. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा आणा. जाताना जमिनीच्या हिशेबात वेग ६००, वेळ ६० मिनिटं. येताना वेग ४००, वेळ ९० मिनिटं. एकूण १५०. वाचले १२, गेले १८. कारण साधं आहे: समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून पडतं, त्यामुळे तोटा जास्त वेळ चालू राहतो.

बाजूने येणारा वाराही फुकट सोडत नाही. विमान रेषेवर राहावं म्हणून त्याचं नाक वाऱ्याकडे थोडं वळवून ठेवावं लागतं, ते तिरकं चालतं आणि पुढचा वेग किंचित कमी होतो. १०० च्या आडव्या वाऱ्यात ५०० चे ४९० होतात.

मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम नावाचा जोरदार प्रवाह असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवरच्या वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ त्याच्या पाठीवर बसून न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. पंख्याची विमानं खालून उडतात, त्यामुळे असल्या प्रवाहाचा पूर्ण जोर त्यांच्या वाट्याला येत नाही. पण त्यांचा मूळ वेगच कमी, म्हणून जो वारा मिळतो तो त्यांना जास्त लागतो. शंभराचा वारा ८३० वाल्या जेटला आठवा हिस्सा, ५०० वाल्या एटीआरला पाचवा. हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं वेळापत्रक पाच-दहा मिनिटांनी वेगळं दिसतं, त्यामागे वाऱ्याचाही हात असतो.

तिकिटावरची वेळ म्हणजे काय

तिकिटावर उडण्याची वेळ नसतेच. तिथे असते ती विमान जागेवरून हलण्याची वेळ आणि दुसऱ्या टोकाला जागेवर थांबण्याची वेळ. या मधल्या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात. नाव आलं ते उभ्या विमानाच्या चाकांना लावतात त्या ठोकळ्यांवरून: ठोकळे काढले तिथून ठोकळे लागेपर्यंत. आपल्या उदाहरणात ब्लॉक टाइम ७३ मिनिटं आणि हवेतला वेळ ६२. बातमीत किंवा अॅपवर 'उड्डाण १ तास २ मिनिटं' दिसलं आणि तिकिटावर सव्वा तास असला, तर दोन्ही बरोबरच आहेत.

विमान कंपन्या ब्लॉक टाइम ठरवताना आधीच्या उड्डाणांच्या नोंदी बघतात आणि वर थोडी उसंत ठेवतात. उतरायला रांग असेल तर विमानाला हवेत घिरट्या घालाव्या लागतात. अशी एक प्रमाणित घिरटी चार मिनिटांची: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक सरळ, पुन्हा एक वळण. दोन घिरट्या झाल्या की आठ मिनिटं गेली. ही उसंत कुणाला लबाडी वाटते. अमेरिकेत १५ मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेलं विमान सरकारी आकडेवारीत 'वेळेवर' धरतात. तेव्हा ब्लॉक टाइम सैल ठेवला की वक्तशीरपणा आपोआप सुधारतो, हेही खरं. तरी मला स्वतःला सैल वेळापत्रक पत्करतं. पुढचं विमान गाठायचं असलेल्या माणसाला विचारा. म्हणूनच कधीकधी विमान पंधरा मिनिटं उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं. पायलटने काही वेग वाढवलेला नसतो. वेळापत्रकातली राखीव मिनिटं खर्ची पडलेली असतात.

आणि तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करण्याआधी घड्याळं बघावीत. दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. स्टॉकहोमचं घड्याळ हेलसिंकीच्या एक तास मागे. आपलं सव्वा तासाचं उड्डाण हेलसिंकीहून सकाळी ८:०० ला निघालं तर स्टॉकहोमला ८:१५ ला पोचेल. वजाबाकी करणाऱ्याला वाटेल, चारशे किलोमीटर पंधरा मिनिटांत! तेच विमान ९:०० ला परत निघालं की ११:१५ ला पोचेल, आणि तोच माणूस म्हणेल, येताना एवढा कसला वारा होता?